चोवीस रकाने, एक माणूस

बालमित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं आहे? हसू नका! छापखाना, कचेरी, मोटारगाड्या असलं काही त्याला लागत नाही. एक फुलस्केप कागद, एक पेन आणि चार टाचण्या, एवढ्यावर वर्तमानपत्र निघतं. आमच्या शाळेत निघालं होतं. आणि चार अंकांतच बंदही पडलं होतं. ते का बंद पडलं आणि पुन्हा कसं सुरू झालं, ती गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे. तिच्या पोटात आमच्या शेजारच्या महाडला घडलेली एक फार मोठी गोष्टही आहे.

चार पानं, बारा विषय

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे पाऊस असा पडतो की जुलैमध्ये वर्गात बाईंचं बोलणं शेवटच्या रांगेला ऐकू येत नाही. आणि एप्रिल उजाडला की त्याच वाडीत हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो.

पाचवीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी ‘वाडीची बातमी’ नावाचं हस्तलिखित काढलं. दर शनिवारी एक अंक. शाळेच्या पडवीत फळा आहे, त्याच्या शेजारी ती तो टाचायची. पहिला अंक सगळ्यांनी वाचला. टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनदादांनीसुद्धा उभ्या उभ्या वाचला. मला तर केवढा आनंद झाला! मी म्हटलं, “छान! पुढच्या वेळी एक सुविचार घाल. कोडं घाल. थोरांची ओळखही येऊ दे.” मुलं म्हणाली, क्रिकेट घाल. मैत्रिणी म्हणाल्या, सिनेमाचं घाल. तिसऱ्या अंकापर्यंत चार पानांत बारा विषय झाले!

मग एक दिवस तिची आई शाळेत आली. म्हणाली, “बाई, पोरगी अकरा वाजंपर्यंत लिवत बसते. जेवणाचं भान नाय, झोपंचं भान नाय. गणिताची वही कोरीच हाय.”

चौथ्या अंकात खरा घोळ झाला. वाडीच्या विहिरीच्या काठावर एका घरची माणसं धुणी-भांडी करतात आणि ते घाण पाणी परत विहिरीत उतरतं, अशी बातमी तिने दिली. त्या घराचं नाव घालून दिली. त्या घरचा मुलगा आमच्याच वर्गात. मधल्या सुट्टीत त्याने बातमीखाली पेन्सिलीने लिहिलं, ‘खोटारडी.’ हिने त्याखाली लिहिलं, ‘तूच खोटारडा.’ मग काय, ज्याला त्याला चेव आला. दोन दिवसांत त्या कागदावर जागा उरली नाही. विहीर राहिली बाजूला. कुणी तिच्या अक्षराला नावं ठेवली, कुणी तिच्या बाबांना. आणि एकाने तिच्या आडनावावरून असं काही लिहिलं की ते मी इथे लिहिणार नाही.

सोमवारी पाहते तर अंक फाडलेला. तिनेच फाडला होता. म्हणाली, “बाई, मी नाय काढणार आता.”

खरं सांगते, त्यात माझीही चूक होती. बारा विषयांचं ओझं तिच्यावर टाकणाऱ्यांत पहिली मीच होते. आणि खालची खरडपट्टी दोन दिवस मी ‘पोरांची भांडणं’ म्हणून सोडून दिली होती.

त्याच आठवड्यात आमची सहल महाडला ठरलेली होती. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर डबे खाऊन झाले आणि मी मुलांना ही गोष्ट सांगितली.

तळं गावाचं, पाणी कुणाचं?

आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा होता. महाडचं हे तळं सार्वजनिक. त्यातून कुणीही पाणी भरावं. कुणीही म्हणजे? गुरंढोरं पाणी प्यायची, त्यांना कुणी अडवत नसे. पण ज्यांना ‘अस्पृश्य’ म्हणत, त्या माणसांनी पाण्याला हात लावायचा नाही! १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. ठराव कागदावर राहिला आणि तळं होतं तिथेच राहिलं.

महाड तालुक्यातल्या लाडवली गावात १९०३ साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांची गोष्ट ऐका. ते लहान असताना हुशार असूनही जातीमुळे त्यांना महाडच्या इंग्रजी शाळेत घेईनात. त्यांनी काय केलं? वर्तमानपत्राला पत्र लिहिलं! ते छापून आलं, बोभाटा झाला आणि प्रवेश मिळाला. हेच मोरे पुढे महाडला परिषद भरवण्यासाठी झटले.

त्यांच्याही आधी, महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर होते. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतून अस्पृश्यतेवर सडकून लिहिलं.  

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली. हजारो माणसं आली. त्यांना प्यायला पाणी? चाळीस रुपये मोजून विकत आणावं लागलं! २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सर्वांना घेऊन या तळ्यावर आले, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. पाठोपाठ सगळे प्याले.

त्यानंतर गावात कुणीतरी अफवा उठवली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन धावून आला. जेवायला बसलेल्या, घराकडे निघालेल्या माणसांना मार बसला. बाबासाहेबांबरोबरच्या लोकांपैकी कित्येक जण लष्करात राहिलेले. त्यांनी मनात आणलं असतं तर? पण बाबासाहेबांनी त्यांना हात उचलू दिला नाही. पुढे तळ्यात शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आलं.

ही घटना २० मार्चची. आणि ३ एप्रिलला, बरोबर दोन आठवड्यांनी, बाबासाहेबांचं नवं पाक्षिक निघालं. त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. लाठीला उत्तर मिळालं ते छापील कागदाने.

नावातच विषय

हे त्यांचं पहिलं पत्र नव्हतं. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकर यांचं होतं. पण त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबासाहेब पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ साली ‘मूकनायक’ बंद पडलं.

आता ही दोन नावं शेजारी ठेवून पाहा. मूकनायक म्हणजे ज्यांना बोलता येत नाही, बोलू दिलं जात नाही, त्यांचा नायक. बहिष्कृत भारत म्हणजे ज्यांना बाहेर टाकलंय, त्यांचा भारत. नाव वाचलं की कळतं, हे पत्र कुणासाठी आणि कशासाठी आहे. बाबासाहेबांना काय कमी विषय येत होते? अर्थशास्त्र, कायदा, इतिहास, सगळ्यांत ते पारंगत. पण पत्रात जे यायचं ते त्या एका प्रश्नाच्या बाजूने यायचं. कायदेमंडळातली चर्चा असो की देशाच्या राजकारणातली एखादी घडामोड असो, तिचा बहिष्कृतांशी काय संबंध, ते तिथे सांगितलेलं असे. विषय अनेक, धागा एक!

मी हे सांगत असताना आमची संपादक पोरगी बोटांवर काहीतरी मोजत होती. बहुतेक आपले बारा विषय!

एकट्याने भरलेले रकाने

आता वेळेचं बघा. १९२७ साली बाबासाहेब काय काय करत होते? मुंबईच्या हायकोर्टात वकिली. त्याच वर्षापासून कायदेमंडळाचं सदस्यत्व. घर चालवण्यासाठी एका संस्थेत कायदा शिकवण्याचं काम. बहिष्कृत हितकारिणी सभेची कामं. त्यात १२ डिसेंबरला महाडच्या काही लोकांनी तळ्याबद्दल कोर्टात दावा लावला, तोही लढायचा. तो दावा किती वर्षं चालला, ठाऊक आहे? हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे जवळजवळ दहा वर्षांनी! निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला.

हे सगळं सांभाळून पंधरा दिवसांनी अंक काढायचा. एका अंकाचे चोवीस रकाने. लिहिणारी माणसं मिळत नव्हती, ठेवायला पैसा नव्हता. म्हणून अग्रलेखापासून स्फुटांपर्यंत बहुतेक सगळं एकटे बाबासाहेब लिहीत. स्वतःसाठी त्यांनी त्यातून एक पैसा घेतला नाही. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी पत्राच्या कर्जाबद्दल वाचकांशी मोकळेपणाने बोलून टाकलं. चोवीस रकाने एकट्याला भरावे लागतात, हेही त्यांनी लपवलं नाही.

मध्यंतरी अंकांत खंड पडला. १५ नोव्हेंबर १९२९ नंतर ‘बहिष्कृत भारत’ बंदच झालं.

इथे आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, “बाई, म्हणजे ते हरले?”

मुलांनो, मीही थोडा वेळ विचार केला. मग म्हटलं, पुढे बघ काय झालं. २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’ हे पत्र सुरू झालं. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचंच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता, प्रबुद्ध भारत. एक पत्र थांबलं की दुसरं निघालं. आणि ‘जनता’च्या वेळी सगळे रकाने एकट्याच्या डोक्यावर नव्हते, काम सांभाळायला सहकारी होते. पत्र बंद पडणं म्हणजे हरणं नव्हे. दम लागला की माणूस घाटात बसतो, पाणी पितो, पुन्हा चालू लागतो. आंबेनळी घाट चढलेल्यांना हे मी काय सांगू!

टीकेला उत्तर कसं द्यावं?

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड धडा. आपण लिहिलं की लोक बोलणारच.

‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ करूनही छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवलं आहे. महाडच्या घटनेनंतर पुण्याच्या ‘भाला’ पत्राने बाबासाहेबांवर आणि त्यांच्या लोकांवर कडाडून टीका केली. ‘भाला’चे संपादक भास्करराव भोपटकर. नावासारखीच त्यांची लेखणी टोकदार!

बाबासाहेबांनी काय केलं? ‘बहिष्कृत भारता’तून उत्तर दिलं, आणि तेही तिखट. मऊ बोलायचं असं काही त्यांनी ठरवलेलं नव्हतं. पण त्यांची रीत बघा. समोरचा काय म्हणतो ते आधी मांडायचं, मग त्यातला एकेक मुद्दा घ्यायचा आणि तो का चुकीचा आहे ते पुराव्यानिशी दाखवायचं. ‘तू खोटारडा’ म्हणायला एक क्षण पुरतो. ‘तुझं म्हणणं या या कारणाने खोटं आहे’ म्हणायला अभ्यास लागतो.

असा त्रास त्यांच्या आधीही पत्रं काढणाऱ्यांनी सोसला होता. गोपाळ गणेश आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक. मतभेद झाले तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्यांची मतं न रुचलेल्या लोकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली! आगरकरांनी लिहिणं सोडलं नाही.

तळ्यावरून परत

एस.टी.त ती माझ्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाई, मी त्यांना विचारलंच नव्हतं.”

“कुणाला?”

“त्या घरच्यांना. विहिरीवर धुणी का धुतात ते.”

बघा, मी अर्धा तास बोलले आणि तिने त्यातून जे घेतलं, ते माझ्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या मुलाच्या घरी गेली. त्याच्या आजीचे गुडघे धरलेत. खाली पऱ्ह्यावर उतरणं तिला जमत नाही आणि धुण्याचा दगड पूर्वीपासून विहिरीलगतच आहे. एवढं साधं कारण!

पंधरा दिवसांनी नवा अंक लागला. नाव बदललेलं, ‘पाणी’. पानं दोनच. विषय एकच. विहिरीत पाणी किती हात आहे, कुठला झरा आटला, टँकर आला की नाही, आणि आजीचं म्हणणं. तिने स्वतःची चूकही लिहिली होती, ‘मी न विचारता नाव घातलं ते चुकलं. पण पाणी विहिरीत जातं हे खरं आहे.’ शेवटी चौकट होती, ‘ज्याला उत्तर द्यायचं त्याने वेगळ्या कागदावर, खाली नाव घालून द्यावं. पुढच्या अंकात छापू.’

पहिलं उत्तर त्या मुलाचंच आलं. तिने ते जसंच्या तसं लावलं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट! मे महिन्यात वाडीतल्या चौघांनी मिळून तो धुण्याचा दगड दहा-पंधरा पावलं खाली सरकवला. आजीला तिथवर जाता येतं. विहीरही वाचली.

आणि तो आडनावावरचा शेरा? नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखलं. वह्या तपासून तपासून बाईंना सगळ्यांची अक्षरं पाठ असतात बरं! त्या मुलाला मी एकट्याला बोलावलं. तो रडला. म्हणाला, “घरात असंच बोलतात, बाई.” मी त्याच्या घरी गेले, आई-वडिलांशी बोलले. ते सोपं नव्हतं. पण ते काम दहा वर्षांच्या मुलीने पेन्सिलीने उत्तर देऊन करायचं नव्हतं. ते मोठ्यांचं होतं.

तुम्ही काढणार असाल तर

मुलांनो, तुमचं पत्र भिंतीवरचं असो, वहीतलं असो, नाहीतर मोबाईलवरून मित्रांना पाठवायचं असो, या चार गोष्टी करून बघा.

पहिली : सुरू करण्याआधी एका वाक्यात लिहा, ‘माझं पत्र अमुक गोष्टीसाठी आहे.’ ते वाक्य वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. नवा विषय सुचला की त्याला त्या वाक्यापुढे उभं करा. बसतो का? नसेल बसत तर दुसऱ्या वहीत टाका.

दुसरी : झेपेल तेवढंच वचन द्या. आठवड्याला चार पानांपेक्षा पंधरवड्याला दोन पानं बरी. अंक चुकला तर ‘परीक्षेमुळे अंक निघाला नाही’ एवढं खरं सांगा. वाचक रागावत नाहीत.

तिसरी : कुणाबद्दल लिहायचं तर आधी त्याला विचारा. आणि लिहिताना माणसावर नको, गोष्टीवर लिहा.

चौथी : राग आला की उत्तर वहीत लिहा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी वाचा. मुद्दा उरला असेल तर लावा, नुसता राग उरला असेल तर पान उलटा. आणि कुणी जात, घर, रूप, आई-वडील यांच्यावरून बोललं तर उत्तर देत बसू नका. तडक मोठ्यांना सांगा. त्यात भित्रेपणा नाही.

आई-बाबांना एवढीच विनंती : मूल लिहितंय म्हणून कौतुकाने त्याच्यावर आणखी विषय लादू नका, आणि अभ्यास बुडतो म्हणून एकदम बंदही करू नका. लिहिण्याची वेळ ठरवून द्या आणि झोपायची वेळ मोडू देऊ नका. आणि घरात आपण कुणाबद्दल काय बोलतो, तेही जरा ऐकत चला. पोरं ते ऐकतात आणि भिंतीवर लिहितात.

आमच्या पडवीत ‘पाणी’चा नवा अंक या शनिवारी लागायचाय. अजून एक पान कोरं आहे. परवा मी सहज विचारलं, “काय गं, सुविचार घालूया का?”

ती हसून म्हणाली, “बाई, पाण्याबद्दल असेल तरच!”